सावलीतला पारा आणि उन्हातला माणूस



पुण्याला शिवाजीनगरात वेधशाळा आहे. 1928 साली हवामान खात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून तिथे आली, म्हणून पुणेकर त्या चौकाला अजून सिमला ऑफिसच म्हणतात. शेतकी शिकताना आम्ही वेधशाळेचा तपमापक पाहिला. पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर, सावलीत. हवेचे तपमान तसेच मोजायचे असते, शास्त्राशी आमचे भांडण नाही.

पण त्या पेटीत माणूस राहत नाही. मे महिन्यात ज्वारीची धसकटे वेचणारी बाई उघड्यावर वाकलेली असते. वरून ऊन, खालून तापलेली काळी जमीन, कष्टाची आग वेगळीच. घाम वाळला तर अंग निवते. हवा दमट असली की तो नुसता निथळतो. अंगाचा ताप 40 अंशांपुढे गेला की माणूस बरळतो, शुद्ध हरपते. लगेच अंगावर पाणी ओतून निववले नाही तर जीव जातो. दाखल्यावर मात्र बहुतेकदा 'हृदयक्रिया बंद पडून' एवढेच येते.

16 एप्रिल 2023 ला खारघरला सरकारच्याच महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भर उन्हात बसलेली 14 माणसे गेली. जवळच्या केंद्रावर पारा होता 38 च्या आसपास. आपल्याकडे 38 ला कोणी ऊन म्हणत नाही! सावली व्यासपीठाला होती, हे सांगायला नको.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसहून अधिक जण विषबाधेने दगावले. साहेब म्हणाले, शेतकरी मास्क-हातमोजे घालत नाहीत. साहेबांनी भाद्रपदाच्या उकाड्यात, डोक्याइतक्या पऱ्हाटीत, पाठीवर पंप घेऊन तो पोशाख तासभर घालून दाखवावा.

पिकाच्या हवामानाचा विभाग पुण्यात 1932 साली निघाला. नव्वद वर्षे कपाशीचा हिशेब झाला, कपाशीवाल्याचा कधी? अहमदाबाद शहराने 2010 च्या उन्हाळ्यात माणसे गमावली आणि 2013 साली उष्णतेचा आराखडा केला. तामिळनाडूने 2024 साली उष्णतेची लाट ही राज्याची आपत्ती ठरवली, मृताच्या घराला 4 लाख जाहीर केले. कोरडवाहू महाराष्ट्राने तेच मागितले तर भीक नव्हे.

आमची मागणी: उन्हात काम करताना गेलेल्याची चौकशी आणि नोंद झालीच पाहिजे. रोजगार हमीची कामे अकराच्या आत सुटावीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात बर्फ, सलाईन आणि चालू पंखा असावा.

पुढच्या बैठकीला येताना गावातून यादी आणा. या उन्हाळ्यात शेतात कोण पडले, कोणत्या तारखेला, किती वाजता, आणि दाखल्यावर काय लिहिले आहे.