गाझाच्या पाण्यासाठी लातूर-नांदेडने ठराव करावा

महापालिकेने गाझातील पॅलेस्टिनींच्या बाजूने उभे राहावे, अशी मागणी झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : आपल्याकडे कचरा, गटारी, पाण्याचे प्रश्न काय कमी आहेत? जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हाच सूर लावला. आझाद मैदानावर गाझासाठी सभा घ्यायला पोलिसांनी परवानगी नाकारली म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने याचिका केली होती. ती फेटाळताना खंडपीठाने कचरा, प्रदूषण, पूर असे देशातले प्रश्न हाती घ्या, असे सुनावले. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी परवानगी दिली आणि सभा झाली. न्यायालयाचा आदर राखून म्हणावे लागते की, तहान ज्यांनी भोगली त्यांना तर याविषयी बोलण्याचा हक्क अधिकच आहे.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण आटले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून त्याआधीच्या महिन्यात जमावबंदी लावावी लागली होती. लातूरची तहान पावसाच्या आणि नियोजनाच्या अभावाने ओढवली. गाझाची माणसांनी, जाहीर करून. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलचे संरक्षणमंत्री योआव गॅलंट यांनी वीज, अन्न, इंधन बंद करणारी संपूर्ण नाकेबंदी जाहीर केली आणि पाणीही तोडले गेले. इंधन नाही म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प ठप्प, आणि मैला रस्त्यावर. उपासमारीचा युद्धाचे हत्यार म्हणून वापर केल्याच्या आरोपासह आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू आणि गॅलंट यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले. गाझातील आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार ऑक्टोबर २०२५ च्या शस्त्रसंधीपर्यंत ६७ हजारांहून अधिक माणसे मारली गेली, आणि त्यानंतरही मृत्यू थांबले नाहीत. नळ, मैला, दवाखाना, दफनभूमी हे महापालिकेचे रोजचे काम आहे. त्यांचा असा विध्वंस झाला तर त्यावर महापालिकेने नाही बोलायचे तर कोणी?

परराष्ट्र धोरण केंद्राचा विषय आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे. ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार तो रद्दही करू शकते. म्हणून ठराव धोरण ठरवणारा नको, केंद्राला विनंती करणारा हवा. भारताने १९८८ मध्येच पॅलेस्टाईनला मान्यता दिली. जून २०२५ मध्ये मात्र संयुक्त राष्ट्रांतील युद्धबंदीच्या ठरावावर तो तटस्थ राहिला आणि सप्टेंबरमध्ये दोन राष्ट्रांच्या तोडग्याच्या बाजूने त्याने मत दिले. दोन राष्ट्रांच्या तोडग्याच्या या भूमिकेत सातत्य ठेवा, एवढे सांगणे हे देशविरोधी कसे? शहरांनी असे बोलणे नवेही नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात कोलकात्यात अमेरिकी वकिलात असलेल्या रस्त्यालाच व्हिएतनामी नेते हो ची मिन्ह यांचे नाव दिले गेले. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोच्या नगरसभेत मते समसमान पडली, तेव्हा महापौरांनी निर्णायक मत देऊन युद्धबंदीचा ठराव संमत केला.

‘हे सगळे मुस्लिम मतांसाठी’ हा आरोप नांदेडात हमखास होईल. त्याला उत्तर नांदेडातच आहे. गुरू गोविंदसिंगांनी इथे ज्या ग्रंथाला गुरुपद दिले, त्या गुरू ग्रंथसाहिबात मुस्लिम सुफी संत बाबा फरीद यांची वाणी आहे. परंपरेनुसार हेच फरीद जेरुसलेममध्ये राहिले होते. त्यांच्या नावाशी जोडलेली भारतीय धर्मशाळा तिथे आजही आहे आणि २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिला भेट दिली. ठरावात ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलवरील हल्ल्यात हमासने मारलेल्या सुमारे बाराशे जणांचा आणि ओलिसांचाही उल्लेख हवाच. निरपराधाचा जीव निरपराधाचाच असतो, आणि एवढे लिहिल्याशिवाय ठरावाला नैतिक वजन येणार नाही.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने लातुरात काँग्रेसला, नांदेडात भाजपला बहुमत दिले. दोन्ही सभागृहांत शोकप्रस्तावासाठी सदस्य पक्ष विसरून उभे राहतात. तसेच याही वेळी राहावे, आणि वाचकांनी आपापल्या प्रभागातील नगरसेवकांकडे हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत घेण्याची लेखी मागणी करावी.