मानपत्रात न मावलेली माणसं

प्रति,
मा. संचालक,
सैनिक कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य, पुणे



मेजर राम राघोबा राणे ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. वयाची ७६ वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेला हा पहिला भारतीय सैनिक. त्यांच्या आयुष्यातल्या चार दिवसांची नोंद आपल्याकडे जवळजवळ तासागणिक आहे. बाकीच्या आयुष्याची नोंद कुणी ठेवायची, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

ते चार दिवस काश्मीरच्या लढाईतले, एप्रिल १९४८ चे. नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता शत्रूनं सुरुंग पेरून आणि झाडं आडवी पाडून बंद केला होता. ८ तारखेला ४ डोग्रा पलटणीनं बारवालीची डोंगरधार घेतली, पण रणगाडे पुढे सरकेनात. ३७ असॉल्ट फील्ड कंपनीचे सेकंड लेफ्टनंट राणे आपली तुकडी घेऊन सुरुंग काढायला बसले. अधिकारी होऊन त्यांना अजून सहा महिनेही झाले नव्हते. तोफगोळे आले, दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. ते मागे गेले नाहीत, संध्याकाळपर्यंत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे सहापासून दुपारी तीनपर्यंत माऱ्याखालीच काम चाललं. १० तारखेला रस्त्यात पाच मोठे पाइन वृक्ष आडवे होते, भोवती सुरुंग आणि समोरून मशीनगन. ११ तारखेला सलग १७ तास राबून चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा झाला. त्यानंतर राजौरी हाती यायला वेळ लागला नाही. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, चालकाला दोरीनं इशारे देत त्यांनी एक रणगाडा सुरुंगांतून नेला, असंही सांगतात.

हे सगळं आपल्याला माहीत आहे, कारण परमवीर चक्राचं मानपत्र लिहिणाऱ्या कुणीतरी तेव्हाच विचारून घेतलं होतं.

आता याच माणसाचं पुढचं-मागचं आयुष्य पाहा. कारवारजवळच्या चेंडिये गावचा, पोलीस शिपायाचा मुलगा. १९४० साली बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाला. ब्रह्मदेशात बुथिडाँगला दारूगोळ्याचा साठा आणि वाहनं उद्ध्वस्त करण्यासाठी त्याला मागे ठेवलं. न्यायला यायची जहाजं आलीच नाहीत, तेव्हा जपानी पहाऱ्यातून नदी ओलांडून तो आपल्या माणसांसह परतला. १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाला आणि त्यानंतर २६ वर्षं जगला. मी वाचलेल्या लेखांत या २६ वर्षांच्या वाट्याला जेमतेम एखादं वाक्य येतं. कारवारला त्यांचा पुतळा आहे, शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं गेलं, २०२३ साली अंदमानातल्या एका बेटालाही दिलं. हे योग्यच झालं. पण पुतळा फौजेतल्या पहिल्या आठवड्यातल्या भीतीबद्दल बोलत नाही. शेजारी पडलेल्या दोन जवानांच्या घरी नंतर पत्र लिहिलं का, हेही तो सांगत नाही. ते फक्त माणूस सांगू शकला असता.

परमवीराची ही स्थिती असेल, तर ज्यांना पदक मिळालं नाही त्यांच्याबद्दल काय बोलावं? माझे चुलते मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. त्यांच्या डिस्चार्ज बुकात उंची आहे, ओळखीची खूण आहे, वर्तणुकीपुढे ‘एक्झेम्प्लरी’ असा एक शब्द आहे. बेळगावच्या सेंटरवर पायात पहिल्यांदा बूट घातले तेव्हा फोडांमुळे रात्रभर झोप आली नाही, हे त्यात नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या सोबत्याची इनलँड पत्रं तेच लिहून द्यायचे आणि त्याच्या बायकोची उत्तरं त्याला वाचून दाखवायचे. त्या घरात काय चाललंय हे पलटणीत दोघांनाच ठाऊक असायचं. चाळिशीच्या आत निवृत्ती आली आणि पुढची कितीतरी वर्षं साखर कारखान्याच्या गेटावर रात्रपाळी केली. आपले बहुतेक शिपाई असेच ऐन उमेदीत घरी येतात. त्यांचं बरंचसं आयुष्य वर्दी उतरवल्यानंतरचं असतं, आणि आपण मात्र सैनिकाचं आयुष्य म्हटलं की वर्दीतल्या आयुष्यापुढे जात नाही. चुलते गेले तेव्हा शोकसभेत सगळे एकच बोलले: देशसेवा केली. ते खरंच होतं. पण त्या दोन शब्दांत चुलते कुठेच नव्हते.

साहेब, ही घाईची गोष्ट आहे. १९६२ ला बंदूक धरलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे. १९७१ च्या डिसेंबरात मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीबरोबर बांगलादेशातल्या जमालपूरला असलेलं सर्वांत कोवळं पोरही आता सत्तरीपार आहे. इटलीत सेनियो नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव १९८४ सालीच गेले. दुसऱ्या महायुद्धाची पिढी आपण जवळजवळ पूर्ण गमावली आहे. ती आता कोणत्याही निधीनं परत येणार नाही.

आपल्या खात्याकडे मात्र असं काही आहे जे कोणत्याही विद्यापीठाकडे नाही. प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची नोंद आहे, पत्ते आहेत. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायला यांतली बरीच मंडळी दरवर्षी नोव्हेंबरात बाहेर पडतात. माणूस जिवंत आहे हे दरवर्षी तपासलं जातं. त्याच वेळी तो कसा जगला हेही विचारता येईल. महाविद्यालयांतली एनसीसी आणि राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं-मुली मोबाइल घेऊन यायला तयार होतील, त्यांना फक्त चांगले प्रश्न शिकवावे लागतील. लष्करी गुपितं नकोत. घरून निघताना कोण रडलं, बर्फात भूक कशी लागायची, परत आल्यावर गावानं कसं वागवलं, एवढं पुरे. सातारी, कोल्हापुरी, नगरी, मालवणी, ज्याची त्याची बोली तशीच राहू द्यावी. आणि पत्नींना शेजारी बसवून होकार देण्यापुरतं बोलावू नये. पतीच्या माघारी शेत, सासू आणि पोरं सांभाळणाऱ्या त्या बाईचं बोलणं स्वतंत्र नोंदवावं. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातून, जिथे घराघरात फौजी आहे, सुरुवात केली तर बाकीची गावं आपणहून बोलावतील.

या नोंदी राज्य पुराभिलेख खात्यात ठेवाव्यात आणि जिल्हा ग्रंथालयांत कुणालाही ऐकायला मिळाव्यात. आपण परिपत्रक काढा. पहिली यादी ऐंशी ओलांडलेल्यांची करा, आणि ती याच नोव्हेंबरात करा.

आपला,
एका शिपायाचा पुतण्या