पाहुणचार नको, कायदा हवा

युक्रेनचा विषय काढला की आपल्या पोरांचं उत्तर ठरलेलं असतं. "ते गोरे, ख्रिश्चन. युरोपने त्यांना डोक्यावर घेतलं आणि सीरियावाल्यांना काटेरी तारा दाखवल्या. आपलं काय जातं?"

तक्रार खरी आहे. लोंढ्याने येणाऱ्या निर्वासितांना तात्पुरतं संरक्षण देण्याचा नियम युरोपियन युनियनकडे २००१ पासून होता. २०१५ मध्ये सीरियन आणि अफगाण लाखोंनी आले, तेव्हा तो कपाटात पडून राहिला. पहिल्यांदा वापरला गेला तो ४ मार्च २०२२ रोजी, युक्रेनसाठी. हा उघड दुजाभाव आहे. पण त्यावरून "आपलं काय जातं" हे सिद्ध होत नाही.

एक तर हे युद्ध फक्त गोऱ्या ख्रिश्चनांचं नाही. क्रिमियाचे तातार मुसलमान आहेत. मे १९४४ मध्ये स्टालिनने ही अख्खी कौम, सुमारे १.९ लाख माणसं, गुरांच्या डब्यांत भरून मध्य आशियात हाकलली. परतायला त्यांना चार दशकं लागली. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळला आणि २०१६ मध्ये त्यांच्या मजलिसवर बंदी घातली. गाझासाठी स्टेटस ठेवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

दुसरं, डोक्यावर घेतलेल्यांचं पुढे काय झालं तेही बघा. युद्ध लांबलं आणि पाहुणचार आटला. पोलंडचे अध्यक्ष कारोल नवरोत्स्की यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये युक्रेनियनांच्या मदतीचं विधेयक अडवलं. म्हणणं काय, तर बालभत्ता कमावत्या युक्रेनियनांच्याच मुलांना मिळावा. इकडे मायदेशालाही लढायला माणसं हवीत. एप्रिल २०२४ मध्ये युक्रेनने परदेशातल्या १८ ते ६० वयाच्या पुरुषांची वकिलातीतली कामं थांबवली. आधी लष्करी नोंद अद्ययावत करा, मग पासपोर्ट. लष्करी कायदा लागू असल्याने निवडणूकही नाही. ४० लाखांहून जास्त माणसं 'तात्पुरती' म्हणून युरोपात बसली आहेत. मर्जीने मिळालेला आसरा मर्जी फिरली की जातो, कातडी गोरी असली तरी.

आता आपल्या घरात या. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. स्टालिनने सैबेरियात धाडलेली ही माणसं इराणमार्गे इथवर आली होती. त्यांना आसरा देताना धर्म आडवा आला नाही. आज स्वतंत्र भारतात निर्वासितांसाठी कायदाच नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर आपली सही नाही. आहे ती २०१९ ची नागरिकत्व दुरुस्ती. तीन देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना ती दार उघडते, मुसलमान वगळून. मग हजारा असो की रोहिंग्या, छळ खरा असला तरी धर्म चुकीचा.

याविरुद्ध आपण बोलतो. बोललंच पाहिजे. पण बोईसरमध्ये आपण काय करतो? तारापूर एमआयडीसी यूपी, बिहार, ओडिशा, बंगालच्या मजुरांवर चालते. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात राबणाऱ्या काही बंगाली मजुरांना 'बांगलादेशी' ठरवून सीमेपार ढकललं गेलं. पश्चिम बंगालने कागद दाखवले, तेव्हा त्यांना परत आणावं लागलं. ते भारतीय होते. अशा वेळी आपल्याच मोहल्ल्यात ऐकू येतं, "आम्ही इथले मराठी मुसलमान, ते बाहेरचे. त्यांना खोली देऊ नका, उगाच आपल्यावर बालंट."

हे शहाणपण नाही, भित्रेपणा आहे. आणि तो उपयोगाचाही नाही. आज भाषेवरून संशय घेणारा उद्या नावावरून घेईल. नाव तर तुमचंही तसंच आहे.

इथलं असणंही पुरत नाही, हे या किनाऱ्याला माहीत आहे. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली गेली. युद्ध नव्हतं, माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. तरी पुनर्वसनासाठी त्यांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. आश्वासनावर घर उभं राहत नाही, हक्कावर राहतं.

म्हणून मागणी एकच हवी: धर्म न विचारता, छळ बघून आसरा देणारा निर्वासित कायदा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात सांगितलं आहे की कलम २१ नागरिक नसलेल्यांचंही रक्षण करतं. पाया आहे, भिंत बांधायची आहे. ही मागणी युक्रेनियन, हजारा, रोहिंग्या आणि बांगलादेशी हिंदू, सगळ्यांसाठी एकाच तोंडाने करावी लागेल. फक्त आपल्या माणसांसाठी मागितलेला न्याय ही शिफारस असते.

मक्केतले पहिले मुसलमान जीव वाचवायला हबशात गेले, तेव्हा तिथल्या ख्रिश्चन राजाने, नज्जाशीने, त्यांना मक्केवाल्यांच्या हवाली केलं नाही. हा किस्सा आपण अभिमानाने सांगतो. पण त्यात आपण आसरा मागणारे होतो. आता देणारे व्हायची पाळी आहे. सुरुवात दिल्लीपासून नको. शेजारच्या चाळीतल्या बंगाली मजुराचे कागद नीट लावून द्या, पोलीस आले तर वकिलाला फोन करा, आणि खोली भाड्याने देताना गाव विचारून दार लावू नका.