पाडव्यापर्यंत

हे निवेदन नाही. निवेदने देऊन झाली.

कर्नाटकातील औराद तालुक्याच्या निराधार वृद्धांच्या आणि विधवांच्या वतीने बेंगळूर आणि दिल्ली, दोन्ही सरकारांना हा इशारा आहे.

2006 साली दिल्लीने गरीब वृद्धासाठी महिना 200 रुपये ठरवले. ऐंशीच्या आतील माणसासाठी दिल्लीचा वाटा आजही 200 च आहे. विधवेसाठी 300. तो आकडा 2012 चा.

संसदेच्या ग्रामविकास स्थायी समितीने ही रक्कम वाढवा, असे वारंवार लिहून दिले. जे सरकार संसदेच्या समितीचे ऐकत नाही, ते औरादच्या विधवेचे ऐकेल या भ्रमात आम्ही नव्हतो. तरी थांबलो.

बेंगळूरने 2021 च्या जुलैत विधवा वेतन 600 वरून 800 केले, वृद्धांचे संध्या सुरक्षा वेतन 1000 वरून 1200. आम्ही स्वागत केले आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा अर्थ चुकीचा लावला गेला.

सीमेपलीकडे महाराष्ट्रात उदगीर, देगलूर. तिथल्या निराधार बाईचा पगार 2023 साली 1500 झाला. आमच्या लेकी तिकडे दिलेल्या आहेत, तिकडच्या इकडे आल्या आहेत. दोन बहिणी, दोघी विधवा. औरादची बहीण 700 रुपयांनी कमी विधवा आहे काय?

बेंगळूरच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2000 आम्हाला दाखवू नका. ते कुटुंबप्रमुख बाईला मिळतात. कार्डावर सून प्रमुख असली की सासूच्या हातात काय पडते, ते गावात येऊन विचारा.

विधवा वेतन आणि संध्या सुरक्षा, दोन्ही किमान 1500 करा. दिल्लीचा वाटा महागाईशी जोडा. अर्ज आणि नामंजुरीचे कारण मराठीतही द्या.

मुदत पाडव्यापर्यंत.

सरकारी सेवा वेळेत देण्याच्या कर्नाटकच्या सकाल कायद्यात उशिराच्या प्रत्येक दिवसाला 20 रुपये भरपाई आहे, फार तर 500. ती अधिकाऱ्याच्या पगारातून कापली जाते. आजवर माणुसकी म्हणून मागितली नाही. यापुढे प्रत्येक रखडलेल्या अर्जावर मागू.

मत मागायला येणाऱ्याला आधी या मागण्यांच्या कागदावर सही करावी लागेल. पक्ष कोणताही असो.

पाडव्यानंतरच्या सोमवारी संतपूर, चिंताकी आणि खेड्यापाड्यांतून माणसे औरादला येतील. तहसीलसमोर बसतील. त्यांना घरी परतायची घाई नाही.

बंदोबस्त लावायचा असेल तर आत्ताच कळवून ठेवा. बसणाऱ्यांत चालता न येणारेही असतील. उचलून न्यायला माणसे जास्त लागतील.