संध्याकाळचा एकांत



आमच्या शाहपुरात दिवस केळीच्या बागांत नाहीतर बाजाराच्या गर्दीत जातो. संध्याकाळच्या प्रार्थनासभेला एखादा अबोल भाऊ आला नाही, की आपण लगेच म्हणतो, "विश्वासात थंड पडला." मीही असे म्हटले आहे, आणि ते चुकीचे होते.

मत्तय १४:२३ पाहा. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभू येशूने लोकांना निरोप दिला आणि तो प्रार्थनेसाठी एकटाच डोंगरावर गेला. इसहाकही संध्याकाळी ध्यान करायला शेतात गेला होता (उत्पत्ती २४:६३). काही माणसे गर्दीत थकतात आणि शांततेत ताजी होतात. देवानेच त्यांना तसे घडवले आहे.

अशांना मी सांगेन, जेवणानंतर अर्धा तास राखून ठेवा. फोन दूर ठेवा. घरात एकच खोली असेल तर ओट्यावर बसा. स्तोत्र ४ सावकाश वाचा, दिवसाचे ओझे प्रभूला सांगा, मग गप्प राहा. शब्द सुचलेच पाहिजेत असे नाही. घरातल्या बहिणीलाही हा अर्धा तास मिळावा, म्हणून त्या वेळी भांडी आपण घासावीत.

मात्र त्याच रात्री, चौथ्या प्रहरी, शिष्यांची नाव लाटांत सापडली, तेव्हा प्रभू पाण्यावरून चालत त्यांच्याकडे आला. खरा एकांत आपल्याला माणसांपासून तोडत नाही, त्यांच्याकडे परत पाठवतो. म्हणून मंडळीने अशा भावाबहिणींना दोष देऊ नये. त्यांची वाट पाहावी.

प्रभू तुम्हाला शांतीची संध्याकाळ देवो. आमेन.