आयत्या गळावर नागोबा

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना अलीकडे गरवण्याचा नाद लागला आहे. वसंतात स्ट्राइप्ड बास किनाऱ्याला आला की सँडी हूकच्या वाळूवर "अरे, धर धर!" ऐकू येतंच. आनंद आहे. पण यांच्यापैकी कुणाला गळ बांधायला सांगा. "अहो, बांधलेले गळ पाकिटात मिळतात की!"

मिळतात. पण त्या पाकिटातल्या दोरीचं दुसरं टोक तुमच्या दोरीला जोडावं लागतंच ना? तिथे आपण बुटाच्या नाडीची गाठ मारतो. ही दोरी नायलॉनची, आपल्याकडचे कोळी जिला तंगूस म्हणतात ती. गुळगुळीत असते, ताण आला की गाठ सरकते. मग मासा जातो, तोंडात गळ आणि मागे हातभर दोरी घेऊन.

मासा गेल्याचं मला दुःख नाही. बहुतेक मासे सोडायचेच असतात. २०२३पासून २८ ते ३१ इंचांतला एकच बास दिवसाला घरी नेता येतो. सोडलेल्यांपैकी ९ टक्के मरतात, असं अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांचा मत्स्य आयोग धरून चालतो. म्हणूनच २०२१पासून आमिष लावून बास धरताना सर्कल हूक सक्तीचा झाला. त्याचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे तो सहसा घशात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. कायद्याने गळ बदलला. गाठीचं काय?

क्लिंच गाठ शिकायला दहा मिनिटं लागतात. दोरी गळाच्या नेढ्यातून ओवायची, तिच्याचभोवती पाच-सहा पीळ द्यायचे, टोक नेढ्याजवळच्या छोट्या फटीतून आणि मग मोठ्या फाशातून काढायचं. आवळण्याआधी थुंकी लावायची, नाहीतर घर्षणाने तापून नायलॉन कमकुवत होतं. (इथे उष्ट्या-खरकट्याचा विचार करणारेही मी पाहिलेत.)

आमिष टिकवायचीही गाठ असते. ओरेगन-वॉशिंग्टनच्या नद्यांवर सामन धरणारे गळाच्या दांड्यावर वेढे घेऊन मध्ये एक सैल फास ठेवतात. माशाच्या अंड्यांचा पुंजका त्यात सरकवून दोरी ओढली की फास आवळतो. इतकं नाजूक आमिष नुसतं टोचलं तर पाण्यात पडताच सुटून जाईल.

सुरमई ताजी कुठली, हे आपण छातीठोकपणे सांगतो. ती आणणाऱ्या कोळ्याला, गाबिताला "ही गाठ कशी मारलीस रे?" असं आपल्यापैकी किती जणांनी विचारलं होतं? हात दुसऱ्याचे, चव आपली, ही सवय आपण बॅगेत भरून इथवर आणली. आणि आता मुलांना 'निसर्ग दाखवायला' तीच घेऊन किनाऱ्यावर जातो.

गेल्या मे महिन्यात माझ्या मुलीने धरलेल्या बासच्या जबड्यात आधीच एक गळ होता. मागे दीड फूट दोरी, तिच्यावर शेवाळ. दोरीच्या टोकाला कारखान्यात बांधलेला फास होता, अगदी शाबूत.