परसांतील टांचण्या

न्हाणीचें पाणी जेथें जिरतें तेथें अळूं लावावें, ही आमच्या मालवण भागांतील जुनी चाल. पाहुण्यांस आपण माड दाखवितों, हापूसचीं कलमें दाखवितों. त्या ओल्या कोपऱ्याकडे कोणी कोणास नेत नाहीं. सुज्ञ वाचकांनीं पावसाळा सरतां सरतां एखाद्या सकाळीं तेथेंच घटकाभर बसून पाहावें.

अळवाच्या देठांवर काडीसारखे बारीक कीटक बसलेले दिसतील. मुलें त्यांस चतुराचीं पिल्लें समजतात. तें खरें नव्हे. चतुराचें पिल्लूं पाण्यांत वाढतें, आणि एकदां पंख फुटल्यावर त्याची वाढ होत नाहीं. हे कीटक निराळे. यांस टांचणी म्हणतात. चतुर बसतांना पंख आडवे पसरतो, टांचणी बहुधा ते पाठीवर मिटते. तिचे डोळेही एकमेकांपासून दूर असतात. शास्त्रज्ञ या गणास ‘झायगॉप्टेरा’ म्हणतात. ग्रीकांचें ‘झुगॉन’ तेंच आपलें ‘युग’, म्हणजे बैलांच्या मानेवरील जूं; ‘प्टेरॉन’ आणि ‘पत्र’ यांचेंही मूळ एकच. संस्कृत शिकलेल्यास हें नांव पाठ करावें लागत नाहीं!

जात ओळखणें मात्र सोपें नाहीं, कारण रंग फसवितो. गवतांत जमिनीलगत फिरणारी ‘अग्रिओक्नेमिस पिग्मिया’ जेमतेम इंचाएवढी. तिची तरुण मादी तांबडी असते. नर म्हातारा झाला कीं त्याची छाती भस्म फांसल्यासारखी पांढुरकी होते. सावलींतील ‘कोपेरा मार्जिनिपेस’ कोवळेपणीं खडूसारखी पांढरी, पुढें काळी व पिंवळ्या पायांची. रंगावरूनच निवाडा करणारा एकाच बिऱ्हाडास चार आडनांवें देऊन बसेल. खरी खूण नराच्या पोटाच्या टोंकावरील चिमट्यांची. त्यास भिंग हवें. कर्नल फ्रेझर या लष्करी डॉक्टरांनीं १९३३ ते १९३६ या काळांत तीन खंड प्रसिद्ध केले. चिमट्यांच्या आकृत्यांसाठीं ते आजही उघडावे लागतात.

इतकें होऊनही यादी पुरी झालेली नाहीं. २०१९ सालीं शंतनु जोशी व दत्तप्रसाद सावंत यांनीं आमच्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून ‘सेरिअग्रिऑन क्रोमोथोरॅक्स’ ही टांचणी शास्त्रास नवी म्हणून जाहीर केली. आजोबा-पणजोबांच्या डोळ्यांसमोर ती उडत असणारच. नांव तेवढें नव्हतें.

म्हणूनच परसांत सरसकट सिमेंट ओतण्याची हल्लींची हौस आम्हांस रुचत नाहीं. आमच्या घरींही हा प्रश्न निघाला. डांस होतात, तेव्हां फरशी घालावी, असें सूनबाईंचें म्हणणें. आणि साबणाच्या सांचलेल्या पाण्यापुरतें तें रास्तच होतें. टांचणीचें पिल्लूं डांसांच्या अळ्या खातें खरें, पण घाण पाण्याचा बंदोबस्त त्याच्यावर सोंपविणें बरें नव्हे. शेवटीं न्हाणीचें पाणी शोषखड्ड्यांत नेलें आणि विहिरीचा पाट अळवाकडे वळविला. कोपरा ओला राहिला. यंदा भाद्रपदांत तेथें पिंवळ्या ‘कोरोमंडेलिआनम’ जातीचीं जोडपीं अंडीं घालीत होतीं. नर त्याच चिमट्यानें मादीची मान धरून ताठ उभा, आणि मादी देठांत अंडीं खोंचण्यांत गढलेली. सूनबाईंनीं भिंग मागून घेतलें, तें अद्याप परत आलेलें नाहीं.